ड्रॉपचं वर्ष, घसरलेले मार्क आणि मुलीला खंबीर करण्याचा प्रश्न

मानेवाड्याहून एका आईंनी विचारलं आहे. मुलगी बारावी झाली, नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत पहिल्या वेळी मार्क कमी पडले म्हणून ती पुन्हा द्यायला एक वर्ष ड्रॉप घेतला. दिवाळीपर्यंत बरं चाललं होतं. दिवाळीनंतरच्या टेस्टमध्ये ती ४१० वरून एकदम ३६२ वर आली, आणि तेव्हापासून पुस्तक उघडून बसते पण पान उलटत नाही. म्हणते, "आई, माझ्याच्यानं नाही होऊन राहिलं." तिच्या बाबांचं बुटीबोरीतलं कंत्राटी काम सप्टेंबरात सुटलं, ते तिला अजून सांगितलेलं नाही. तिचा आतेभाऊ दोनदा हुकून तिसऱ्या वर्षी एमबीबीएसला लागला. "तो एवढा खंबीर, आणि ही एका टेस्टनं कोलमडली. आम्ही तर केवढं सोसलं. हिला खंबीर कसं करायचं? की हा नाद सोडायला लावायचा?"

ताई, तुम्ही दोन्ही टेस्टचे सविस्तर निकाल सोबत पाठवलेत हे फार बरं केलंत. मी नागपुरात बारावीच्या आणि ड्रॉपच्या मुलांसोबत समुपदेशक म्हणून काम करते. बहुतेक पालक मला फक्त एकूण मार्क सांगतात, आणि एकूण मार्कांवरून मुलाचं काय चाललंय ते कळत नाही. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या दोन कागदांत आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

पहिल्या टेस्टमध्ये तिनं १४० प्रश्न सोडवले. ११० बरोबर, ३० चूक. बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकीच्याला उणे १. ४४० वजा ३०, म्हणजे ४१०. दुसऱ्या टेस्टमध्ये १५८ सोडवले. १०४ बरोबर, ५४ चूक. ४१६ वजा ५४, म्हणजे ३६२. आता फरक बघा. बरोबर उत्तरं फक्त ६ नी कमी झाली आणि चुकीची २४ नी वाढली. गेलेल्या ४८ मार्कांपैकी निम्मे निव्वळ निगेटिव्हमध्ये गेले. तीन आठवड्यांत तिचा अभ्यास विसरला गेलेला नाही. त्या रविवारी तिनं एरवी सोडून दिले असते असे अठरा प्रश्न ओढून घेतले. काहीतरी भरून काढायचंय, कुणालातरी दाखवायचंय, अशा घाईत सोडवलेला पेपर आहे हा. तुम्हाला वाटतंय ती टेस्टनंतर कोलमडली. मला दिसतंय की ती त्या दिवशी पेपरला बसली तेव्हाच घाबरलेली होती.

क्लासमधली हुशार मुलं सांगतात की अंदाजानं गोळा भरण्यात तोटा नाही: चार पर्याय, एक लागला तर अधिक ४, तीन चुकले तर उणे ३. कागदावर हे खरं आहे. पण प्रश्न काढणारे चुकीचे पर्याय उगाच लिहीत नाहीत. अर्धवट आठवणाऱ्याला खरा वाटेल असाच एखादा पर्याय त्यात ठेवलेला असतो, आणि घाबरलेल्या मुलाचा अंदाज नेमका त्यावर पडतो. शिवाय १८० मिनिटांत १८० प्रश्न. न येणाऱ्या प्रश्नावर घालवलेली मिनिटं येणाऱ्या प्रश्नांतून कापली जातात. तिची बरोबर उत्तरं ६ नी कमी झाली ती बहुधा त्यामुळे.

ती आधीच घाबरलेली का होती, याकडे नंतर येते. आधी तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल. इतक्या मुलांसोबत बसल्यावर मला एक गोष्ट पक्की पटलेली आहे. संकटातून वर येणारी मुलं दुसऱ्यांपेक्षा जास्त सोसणारी असतात असं नाही. पडल्यावर लवकरच त्यांच्या हाताला एखादी छोटी गोष्ट लागते, जी त्यांच्या स्वतःच्या करण्यानं बदलते. आणि जवळ एक तरी माणूस असतो, ज्याच्यासमोर जाताना त्यांना मार्क सोबत न्यावे लागत नाहीत. ताई, या दोन्ही गोष्टी घरात करून देता येतात. त्यासाठी मुलीचा स्वभाव बदलावा लागत नाही.

पहिल्या गोष्टीमागचं शास्त्र थोडक्यात सांगते. १९६७ मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. विजेचे झटके ज्यांना काही केल्या थांबवता आले नव्हते, त्यांतली बरीचशी कुत्री पुढे सुटका समोर असूनही बसून राहिली. तेव्हा निष्कर्ष निघाला की असहायपणा शिकला जातो. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपलाच सिद्धांत उलटा केला. त्रास लांबत गेला की निपचित होणं ही मेंदूची मुळातलीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते दुसरंच: आपल्या करण्यानं यात फरक पडतो, हे. तुमची मुलगी पुस्तक उघडून नुसती बसते तेव्हा त्यात आळस नाही आणि नाटकही नाही. तिथे "हिंमत धर बेटा" म्हणून काही हलत नाही. फरक पडल्याचा अनुभव तिच्या पदरात पडावा लागतो, कितीही लहान का असेना.

तो अनुभव टेस्टच्या पेपरमधूनच देता येतो. मी मुलांकडून हे करून घेते.

पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी काढायचा, त्याच संध्याकाळी नाही. प्रत्येक चुकीच्या उत्तरासमोर एक अक्षर लिहायचं. मुळात येतच नव्हतं आणि अंदाजानं गोळा भरला, तिथे "अं". दोन पर्यायांपर्यंत आले आणि त्यातला चुकीचा निवडला, तिथे "दो". येत होतं पण घाई नडली, चुकीचं विधान विचारलं होतं आणि बरोबर विधान निवडलं, आकडेमोडीत उणे चिन्ह सुटलं, तिथे "घा". तुमच्या मुलीच्या कागदावर "अं" बरेच निघतील असा माझा अंदाज आहे, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ते कमी करायला नवीन धडा शिकावा लागत नाही, प्रश्न सोडून पुढे जायचं ठरवावं लागतं. त्यातले वीस जरी कोरे सोडले असते तरी ३६२ चे ३८२ झाले असते.

मग सगळ्या ५४ चुकांच्या मागे लागायचं नाही. "दो" आणि "घा" मधल्या फक्त दहा निवडायच्या, त्या आठवड्यात तेवढ्याच. प्रत्येकीसाठी पुस्तकातलं ते पान वाचायचं, पुस्तक बंद करायचं आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर उतरवायचं. हा बंद करण्याचा भाग मुलं टाळतात, कारण तो जड जातो. पण काम तोच करतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी महाविद्यालयीन मुलांना उतारे देऊन हे तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारी मुलं पुढे होती. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सरासरी ४२ टक्के आठवलं आणि स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना ५६ टक्के. रंगीत हायलायटरनं भरलेलं पुस्तक घेऊन "मॅडम, पाचदा वाचलं तरी लक्षात नाही राहून राहिलं" म्हणणारी मुलं मला दर आठवड्याला भेटतात. त्यांची स्मरणशक्ती चांगली असते, अभ्यासाची पद्धत त्यांना दगा देत असते.

पुढच्या रविवारी तिनं एकच आकडा बघायचा: चुका किती. ५४ च्या ४० झाल्या तर आठवडा सार्थकी लागला. एकूण मार्क त्या आठवड्यात वहीत उतरवायचेच नाहीत. सलग दोन-तीन टेस्टमध्ये आपण ठरवलेला आकडा आपल्या हातानं हलला की मुलाच्या बसण्या-बोलण्यात फरक दिसू लागतो, हे मी खूपदा पाहिलंय. एक मात्र सांभाळा. हे सगळं तिनं स्वतः करायचं. तुम्ही शेजारी खुर्ची टाकून करून घेतलंत तर तो तुमचा पेपर झाला, आणि मग आकडा हलला काय नि न हलला काय, तिला त्यातून काही मिळणार नाही.

आता माणसाबद्दल. एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हवाईतल्या कौआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा, ती चाळिशीत येईपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशा अनेक अडचणी एकत्र वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं सक्षम, मायाळू, आत्मविश्वासाची माणसं झाली. त्यांच्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: कुणातरी एका मोठ्या माणसाशी भरवशाचं नातं. ते आईवडीलच होते असं नाही. आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, कुणीही.

तुम्ही लिहिलंय की ती रोज रात्री काटोलला आजोबांना फोन करते, आणि त्यांच्याशी मात्र हसून बोलते. ताई, त्या फोनला कुणी हात लावू नका. "पंधरा मिनिटं वाया" असं म्हणूही नका. आजोबांना एवढंच सांगा की टेस्टचं विचारायचं नाही, तिनं सांगितलं तर ऐकायचं आणि बागेचं बोलायचं. आणि तुमचे बाबा संत्र्याची बाग करतात, तर "आम्ही सोसलं, हिलाही सोसायला हवं" हा तुमचा मुद्दा तुम्ही त्यांच्यासमोर एकदा मांडून बघा. आंबिया बहारासाठी, म्हणजे त्या हंगामात झाडं फुलावीत म्हणून, ते बागेचं पाणी काही दिवस तोडत असणार. पाणी तोडल्याशिवाय झाड फुलत नाही, हे खरं. पण हलक्या जमिनीत किती दिवस आणि काळ्या भारी जमिनीत किती दिवस, हे ते बघतात. पानं मलूल होऊन गळायला लागली की थांबतात आणि खत-पाणी देतात. दुसऱ्याच्या बागेत इतके दिवस तोडलं म्हणून आपल्याही बागेत तितकेच, असं कुठलाच बागायतदार करत नाही.

आतेभावाचंही तसंच. त्याची गोष्ट तुमच्यापर्यंत आली ती तिसऱ्या वर्षीच्या पेढ्यांसोबत. आधीच्या दोन नोव्हेंबरांत तो काय करत होता, किती रात्री जागला, कुणाजवळ रडला, हे कुणी विचारलेलं नसतं. तिच्यासमोर उदाहरण म्हणून त्याचं नाव घेणं आजपासून बंद करा. त्याला मात्र फोन करा आणि सांगा, तुझे वाईट दिवस हिला सांग. रँक सांगू नको, ती तिला पाठ आहे.

बाबांच्या कामाबद्दल तुम्ही फार काळजीनं लिहिलंय, की तिला कळलं तर ती आणखी खचेल. माझं मत याच्या उलट आहे आणि मी ते ठामपणे सांगते. अठरा वर्षांच्या मुलीला तिचे बाबा सकाळी डबा न घेता घरीच थांबतात हे दिसतं. आतल्या खोलीतली कुजबूज ऐकू येते. जे सांगितलं जात नाही ते मुलं मनानं भरून काढतात, आणि मनानं भरलेलं जवळजवळ नेहमी खऱ्यापेक्षा भयंकर असतं. "माझ्या फीपायी घर बुडून राहिलं" असं मनात धरून पेपरला बसलेली मुलं मी पाहिली आहेत. ती अशीच अठरा प्रश्न जास्त ओढतात.

म्हणून तुम्ही दोघांनी बसून, शक्यतो बाबांनीच, तिला सांगा. लांबवू नका. "बेटा, माझं काम सप्टेंबरात सुटलं. दुसरं शोधणं चालू आहे. तुझ्या क्लासची फी भरून झाली आहे. मे पर्यंत घरात थोडी ओढाताण राहील, पण तुझ्या परीक्षेला धक्का नाही. काही बदललं तर सगळ्यात आधी तुला सांगू." यातलं जे खरं आहे तेवढंच सांगा. "तू काही टेन्शन घेऊ नको" हे वाक्य गाळा, त्यानं आजवर कुणाचं टेन्शन कमी झालेलं नाही. आणि "आता तुझ्यावरच सगळी मदार" हे तर चुकूनही नको.

पैशांची भीती कमी करायला एक ठोस माहितीही द्या. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. तुम्ही ओबीसी लिहिलंय, म्हणजे हे तुम्हाला लागू होऊ शकतं. बऱ्याच घरांत हे माहीतच नसतं, आणि मुलगी वर्षभर "खाजगीला लागली तर बाबा कुठून आणतील" या एकाच विचारानं झुरते.

आता ड्रॉपच्या वर्षाबद्दल थोडं, कारण या वर्षाचा एकटेपणा बाहेरच्यांना कळत नाही. कॉलेज सुटतं. मैत्रिणी पुढे जातात, कुणी मेडिकलला, कुणी पुण्याला, आणि त्यांचे पहिल्या वर्षाचे फोटो रोज हिला स्टेटसवर दिसतात. गणपतीत, दिवाळीत पाहुणे विचारतात, "सध्या काय करून राहिली?" एरवी मुलाला सावरून धरणाऱ्या साध्यासाध्या गोष्टी, वर्गातली बडबड, एकत्र डबा, कॉलेजचं गॅदरिंग, या सगळ्या एकदम काढून घेतल्या जातात. वरून आपण म्हणतो, आता वर्षभर फक्त अभ्यास. मला हे अन्यायाचं वाटतं. तिच्यासाठी रोजचा एक तास माणसांत जाईल असं बघा. अभ्यासिकेत एखादी नेहमीची सोबतीण असू दे. संध्याकाळी रेशीमबाग मैदानावर तुमच्यासोबत एक चक्कर असू दे, आणि त्या चकरेत नीटचा विषय नको.

क्लासमध्ये रँकप्रमाणे बॅच बदलतात आणि यादी दाराशी लावतात असं तुम्ही लिहिलंय. हे बरोबर नाही, आणि आता ते सांगायला आधारही आहे. सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ रोजी शैक्षणिक संस्थांसाठी, कोचिंग क्लासही त्यात आले, विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. मार्कांवरून बॅच वेगळ्या करणं आणि मुलांना सगळ्यांदेखत कमी लेखणं टाळावं, आणि १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असं त्यात स्पष्ट आहे. तुम्ही चार पालक मिळून क्लासच्या ऑफिसात जा आणि शांतपणे विचारा, तुमचे समुपदेशक कोण आणि ते कधी भेटतात. एकट्या पालकाला चहा पाजून परत पाठवतात, चौघांना उत्तर द्यावं लागतं.

झोप सात तासांच्या खाली जाऊ देऊ नका. दिवसा वाचलेलं मेंदूत पक्कं बसतं ते झोपेत. आणि नीट दुपारी २ ते ५ असते, गेली काही वर्षं मेच्या पहिल्या रविवारी, म्हणजे आपल्याकडे ऐन उन्हात. तेव्हा दुपारी जेवून झोपायची सवय असेल तर ती मार्चपासून मोडा आणि सरावाचे पेपर त्याच वेळेला सोडवू दे.

आता एक विषय, जो तुम्ही विचारलेला नाही पण मला सांगितलाच पाहिजे. मी वर लिहिलंय ते धास्तावलेल्या, थकलेल्या मुलीसाठी आहे. काही वेळा गोष्ट त्यापलीकडे गेलेली असते. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप आणि भूक बिघडलेली असेल, आजोबांचा फोनही नकोसा झाला असेल, आवडती वस्तू कुणाला देऊन टाकत असेल, "मी नसते तर तुमचे पैसे तरी वाचले असते" असलं काही बोलत असेल, तर टेस्टचा कागद बाजूला ठेवा आणि तिला सरळ विचारा: "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट, कुणीतरी विचारलं याचंच मुलांना हायसं वाटतं. उत्तर "हो" आलं तर रागावू नका, वचनं मागू नका, देवाची शपथ घालू नका. तिला एकटी सोडू नका, घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलपात टाका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. औषध सुरू झालं तर अभ्यास संपला, असंही नसतं. उपचार चालू असताना परीक्षा देऊन पुढे गेलेली मुलं या शहरात भरपूर आहेत, ती फक्त सांगत फिरत नाहीत.

शेवटचा प्रश्न, नाद सोडायचा का. आत्ता, या पंधरवड्यात, काहीच ठरवू नका. घाबरलेल्या अवस्थेत घेतलेला "सोडते"चा निर्णय आणि घाबरून घेतलेला "करतेच"चा निर्णय, दोन्ही टिकत नाहीत. फेब्रुवारीअखेरची एक तारीख तिघांनी मिळून ठरवा. तोवर पूर्ण अभ्यासक्रमाच्या चार-पाच टेस्ट झालेल्या असतील. त्या तारखेला कागद समोर ठेवून बोला, त्याआधी हा विषय घरात काढायचा नाही.

पण दुसरा रस्ता उघडा ठेवायचं काम आजच सुरू करा, आणि तिला ते दिसू दे. २०२४ च्या नीटला देशभरातून २३ लाखांहून जास्त मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा १ लाखाच्या थोड्या वर. इतक्या अरुंद दारावर सगळं आयुष्य टांगून ठेवलं की एका टेस्टचे ४८ मार्क डोंगराएवढे होतात. त्याच वर्षी ग्रेस मार्कांचा गोंधळ झाला, १५६३ मुलांचे ते मार्क रद्द होऊन २३ जूनला फेरपरीक्षा ठेवली गेली, पेपरफुटीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जुलैअखेरपर्यंत चाललं, आणि लाखो मुलं घरात बसून वाट बघत राहिली. त्या दोन महिन्यांत माझ्याकडे आलेल्यांपैकी ज्यांनी सीईटी ही राज्याची प्रवेशपरीक्षाही दिली होती, ती मुलं तुलनेनं शांत होती. त्यांचा अभ्यास जास्त झाला होता असं नव्हे, त्यांच्याकडे जायला आणखी एक जागा होती. कौआईच्या अभ्यासातही हे दिसतं: किशोरवयात घसरलेली बरीच मुलं तिशीपर्यंत सावरली, आणि त्यात पुन्हा शिकायची संधी मिळण्याचा मोठा वाटा होता.

तेव्हा एमएचटी-सीईटीचा पीसीबी गटाचा फॉर्म निघाला की भराच. २०० मार्कांचा पेपर, १०० जीवशास्त्राला आणि ५०-५० भौतिकशास्त्राला आणि रसायनशास्त्राला, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि प्रश्न मुख्यतः बारावीच्या अभ्यासक्रमावर. त्यावर बी.फार्म. आणि कृषी होतं. नीटच्याच मार्कांवर बीएएमएस, बीडीएस, फिजिओथेरपी, आणि पशुवैद्यकीयही. आपल्या नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून चालू आहे. जी मुलगी रोज आजोबांना बागेबद्दल आणि गाईंबद्दल विचारते, तिला एकदा तिथे नुसतं फिरवून आणा. मन वळवायला म्हणून नेऊ नका, बघू दे फक्त.

आणि कागदपत्रं. दरवर्षी जून-जुलैत एखाददुसरा पालक माझ्यासमोर डोकं धरून बसतो, मार्क आहेत पण जात वैधता प्रमाणपत्र नाही, नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपलेली, बारावीच्या गुणपत्रिकेवर आणि दाखल्यावर नावातलं एक अक्षर वेगळं. हे काम तिच्या बाबांकडे द्या. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास, जात वैधता, सगळ्यांच्या मुदती आणि नावं त्यांनी आत्ताच तपासावीत, सेतू केंद्राच्या रांगेत आत्ता उभं राहावं. काम सुटल्यापासून त्यांचेही दिवस मोकळे जात असतील आणि मुलीसाठी काहीतरी करता यावं असं त्यांना वाटत असणार. धाकटा दहावीला आहे ना? विज्ञान शाखेला जाणार असेल तर त्याचा दहावीचा निकाल लागल्यावर महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थेच्या मोफत जेईई, नीट आणि सीईटी प्रशिक्षणाची जाहिरात निघाली का, तेही त्यांनीच बघावं. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या नॉन-क्रीमीलेअर मुलांसाठी ती योजना आहे, टॅब आणि इंटरनेट मिळतं, आणि महाज्योतीचं मुख्य कार्यालय नागपुरातच आहे.